बंद मागांच्या दिवसांतले स्पीकर

दिवाळी आठवड्यावर आली की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानदारांना फुटपाथ पुरत नाही. टीव्हीची खोकी, मिक्सरची खोकी, आणि सगळ्यात पुढं रस्त्याकडं तोंड करून मांडलेले स्पीकर. एका दुकानातलं गाणं दुसऱ्या दुकानातल्या गाण्याच्या अंगावर धावून जातं. यंदा माझी सहावीतली लेक प्राजू मला हाताला धरून अशाच एका दुकानात घेऊन गेली. आमच्या कळंब्याच्या घरात कॉम्प्युटर आलाय, त्याला स्पीकर नाहीत आणि वर्गात सगळ्यांकडे आहेत, असं तिचं म्हणणं. तिनं खोक्यावरचं वाचून दाखवलं, "मम्मी, हजार वॉट." मी ते डबडं हातात घेतलं. वजन दोन टोमॅटोंएवढं. "ह्यात हजार वॉट असतील तर आपल्या कळंब्याच्या तळ्यात देवमासा आहे," मी म्हणाले. दुकानदार हसला, पण खोकं काही त्यानं मागं घेतलं नाही.

स्पीकर बघायची माझी रीत लोकांना चमत्कारिक वाटते. मी आधी वाजवूच देत नाही. डबा हातात घेऊन वजन बघते, मागच्या बाजूनं कलिंगडासारखा ठोकून बघते. पोकळ टणटण आली की खाली ठेवते, कारण मग गाण्याबरोबर डबाही वाजणार. समोरची जाळी निघत असेल तर काढून आतला कागदी पडदा बघते, त्याच्या कडेची पट्टी मऊ आहे की वाळून कडक झालीय ते बोटानं हळूच दाबून बघते. मग म्हणते, गाणं नको, बातम्या लावा. ढोल-ताशा कुठल्याही डब्यात बरा वाटतो. माणसाचं बोलणं माणसासारखं यायचं तर डबा चांगला असावा लागतो. बातम्या देणारी बाई नाकात बोलतेय की पिंपात, एवढं कळलं तरी अर्धा निकाल लागतो. शेवटी सांगते, सगळ्या जोड्या एकाच आवाजावर ठेवा. इथं दुकानदार माझ्याकडं नीट बघायला लागतो. महागाची जोडी जरा मोठ्यानं लावायची आणि स्वस्तातली बारीक, ही त्यांची जुनी खोड. मोठा आवाज चांगलाच वाटतो. तेवढ्यावर पुष्कळ धंदा चालतो.

हे सगळं मला एका दिवाळीनं शिकवलं. मी तेव्हा बारावीत होते आणि आम्ही कबनूरला राहत होतो.

कबनूर इचलकरंजीला चिकटून. आमच्या गल्लीत घरं कमी आणि यंत्रमागांचे कारखाने जास्त. भिंतीला भिंत लागून माग, रात्रंदिवस चालू. ताटातली वाटी आपोआप सरकायची, हे मी आजही शपथेवर सांगेन. पाहुणे आले की विचारायचे, तुम्ही झोपता कसे? आणि आम्ही पाहुण्यांकडे गेलो की आम्हाला त्या शांततेत झोप यायची नाही. गल्लीत सगळे ओरडूनच बोलायचे. मीठ मागायचं तरी भांडण काढल्यासारखं. माझं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी हळूच विचारलं होतं, मुलगी तापट आहे का? तापट आहेच, ती गोष्ट वेगळी, पण तो आवाज मागांचा होता.

धनतेरस ते भाऊबीज माग बंद. बाकीच्या गावांना दिवाळी म्हणजे फटाके. आम्हाला ते चार-पाच दिवस आठवतात ते ऐकू यायला लागायचं म्हणून. शेजारच्या घरात चकलीचा घाणा तेलात पडला की इकडं कळायचं. चिमण्या होत्या गावात, हेही तेव्हाच कळायचं. पहिल्या दिवशी सगळे सवयीनं ओरडत राहायचे, मग एकमेकांकडं बघून ओशाळायचे आणि आवाज खाली आणायचे. मला ते दिवस फार आवडायचे. अजूनही ऑक्टोबरचं ऊन उतरायला लागलं की मी उगाच कान देऊन उभी राहते, आणि कळंब्यात काय, रिक्षा ऐकू येतात.

आप्पा, म्हणजे माझे वडील, चाळीस मागांच्या एका कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे मागांचा डॉक्टर. विणणारा माग चालवतो, बिघडला की जॉबर नीट करतो. आणि चांगला जॉबर बिघडायच्या आधी ओळखतो, ते कानानं. चाळीस मागांच्या खटखटीत एका मागाची खटखट जरा लंगडली की आप्पा गल्लीतनंच आत ओरडायचे, "तिसऱ्याचा पट्टा बगा रं." खटखटीत एखादी बारीक टिचकी मिसळली तर धोटा पेटीत नीट बसत नाही हे त्यांना कळायचं. धोटा म्हणजे सुताची कांडी पोटात घेऊन मागाच्या ह्या टोकापासून त्या टोकाला पळणारं लाकडी होडीसारखं अवजार, दोन्ही टोकांना लोखंड. तो सुटला तर गोळीसारखा जातो. म्हणून दुसऱ्या कारखान्यांचे मालकसुद्धा आप्पांना चहाला बोलवायचे आणि म्हणायचे, "आप्पा, जरा कान द्या की." आप्पा कप खाली ठेवून मान तिरकी करायचे. त्या तिरक्या मानेचा मला फार अभिमान होता, उगाच खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी नवरात्रात त्यांच्या कारखान्यात धोटा उडाला. मागावर दस्तगीरचाचा होते, आप्पांचे जुने दोस्त. डोळ्याखाली लागलं, टाके पडले, डोळा वाचला. "सकाळी मीच ऐकून गेलतो की त्यो माग," आप्पा घरी येऊन म्हणाले, "झकास चालला हुता." ते त्या दिवशी जेवले नाहीत. माझी आई, तिला आम्ही अव्वा म्हणायचो, म्हणाली, "उडायचा असला की उडतोय धोटा. तुमी काय करनार?" गल्लीनंही तेच म्हटलं.

अशात बोनस आला आणि आप्पांनी दोन सुटे स्पीकर असलेला टेप घ्यायचं काढलं. कारण एक कॅसेट होती. मठातल्या भजनी मंडळाचं भजन कुणीतरी भरून घेतलं होतं आणि त्यात टाळ आप्पांचे. आमच्या जुन्या टेपवर ते टाळ पिशवीत किल्ल्या हलवल्यासारखे यायचे. आप्पांना आपले टाळ एकदा नीट ऐकायचे होते. मनुष्य उभ्या आयुष्यात स्वतःसाठी काही मागत नाही आणि मागतो तेव्हा हे मागतो.

आम्ही दोघं एसटीनं कोल्हापूरला आलो. ज्या दुकानात गेलो तिथल्या दुकानदारांना सगळे नाना म्हणत. पन्नाशीचे, कपाळाला आठ्या, गिऱ्हाइकावर उपकार केल्यासारखं बोलणं.

"पावणं, गाव कुठलं?"

"कबनूर. मागावर जॉबर हाय."

"मग मोठा आवाज पायजे म्हणा की."

"मोठा नगो," आप्पा म्हणाले, "खरा पायजे."

नाना एकदम माणसात आले. त्यांनी टेपला दोन जोड्या लावल्या, मधे एक बटण. दाबलं की ही वाजणार, परत दाबलं की ती. एक जोडी काळी, लाकडी फळीची, बुटकी, अंगावर काही नक्षी नाही आणि किमतीला जास्त. दुसरी चंदेरी, उंच, जाळीवर लाल पट्टा. "दोन्ही एकाच आवाजावर ठेवल्यात बगा," नाना म्हणाले. "आता चार पावलं मागं व्हा अन् डोळं मिटा. डोळं उघडं असलं की चंदेरीच चांगली वाटतीया."

आमची कॅसेट लागली. काळ्या जोडीत मला मंडळी समोर बसल्यासारखी वाटली. पेटी एकीकडं, गाणारे मधे, आणि उजव्या हाताला टाळ, अगदी वेगळे. चंदेरीत सगळेच एकमेकांच्या अंगावर पडल्यासारखे, आणि टाळ म्हणजे स्टीलच्या ताटात चमचे टाकावेत तसे. मी डोळे उघडले. आप्पांचे अजून मिटलेले होते, मान तिरकी.

"काळ्यात टाळच न्हाईत," ते म्हणाले. "चंदेरीत हाईत. चंदेरी द्या."

नाना माझ्याकडं बघायला लागले. मी फरशीकडं बघितलं. खरं सांगायचं तर मला वाटलं, माझाच कान कच्चा. ज्या माणसाला सगळी गल्ली कान द्या म्हणते, त्याला टाळ ऐकू आले नाहीत, म्हणजे नसतीलच. मला जे आले ते मी मनानं घातले असतील. माणूस स्वतःवर इतका अविश्वास दाखवू शकतो हे मला आता पटत नाही, पण तेव्हा मी सतरा वर्षांची होते.

नाना म्हणाले, "हितं रस्त्याच्या आवाजात कळत न्हाय. दोन्ही न्या. दिवाळीत तुमचं माग बंद असत्यात न्हवं? तवा लावून बगा. नको ती भाऊबीज झाल्यावर आणून द्या." आप्पांनी नाव-पत्ता लिहून द्यायला कागद मागितला. "जॉबर हाय म्हनलासा न्हवं? मग कुटं पळून जातासा," नाना म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले.

घरी आणल्यावर दोन दिवस माग चालूच होते. गल्लीतली माणसं ऐकायला आली आणि सगळ्यांनी चंदेरी जोडीला एक नंबर दिला. काळी त्या खटखटीत बुडूनच जायची. आमच्याकडं स्पीकर घेताना लोक हीच चूक करायचे. घरात माग घुमतोय त्याच्या वर जो चढेल तो स्पीकर चांगला. त्यामुळं गावभर कर्कश डबे विकले जायचे, आणि कुणाचं त्यावाचून अडायचंही नाही.

मग धनतेरसला माग थांबले. चंदेरी जोडी पाच मिनिटं वाजली आणि अव्वा पीठ भरल्या हातानं बाहेर आली. "बंद करा ती. दात शिवशिवायल्यात माझं." मी काळी लावली. आवाज बारीक केला तरी सगळं येत होतं, गाणाऱ्यानं मधे घेतलेला श्वाससुद्धा. माग बंद असताना लावून बघा असं नाना का म्हणत होते ते आत्ता कळलं. छोट्या डब्यानं मोठ्या डब्यासारखा घुमण्याचा आव आणायचा नसतो. जेवढं जमतं तेवढं स्वच्छ द्यायचं असतं. ती जोडी तेवढंच करत होती.

"गिरजे, काळी लावलीयास व्हय?" आप्पांनी अंघोळीहून येऊन विचारलं. "टाळ कुटं गेलं मग?"

चंदेरीतला तो चमच्यांचा कल्लोळ एवढा कडक होता की त्यातला थोडा त्यांच्यापर्यंत पोचत होता, हे मला कळायला अजून एक दिवस लागला.

दुसऱ्या दिवशी आप्पा काळ्या स्पीकरला जवळजवळ कान टेकून बसले होते, आपले टाळ शोधत. मला बारावीसाठी एक आकड्यांचं घड्याळ घेऊन दिलं होतं, दर तासाला वाजणारं. ते मी काढून त्याच स्पीकरवर ठेवलेलं. भजन संपलं होतं, कॅसेट नुसती फिरत होती. घड्याळ वाजलं, बारीक, दोनदा. स्वयंपाकघरातनं अव्वा म्हणाली, "बारा वाजलं. पानं घिऊ का?"

आप्पांनी वर बघितलं. "बारा वाजलं कोण म्हनलं?"

"घड्याळ वाजलं की आत्ता," अव्वा म्हणाली.

घड्याळ त्यांच्या कानापासून वीतभर अंतरावर होतं. त्यांनी ते उचललं, उलटंसुलटं बघितलं आणि माझ्या हातात दिलं. "वाजीव." मी बटण दाबून धरलं. त्यांनी माझा हात धरून घड्याळ कानाला लावलं, मान तिरकी केली आणि थांबले. ती मान मी हजारदा बघितली होती.

"वाजीव की," ते म्हणाले.

"वाजतंय, आप्पा."

त्यांनी दुसऱ्या कानाला लावून बघितलं. मग घड्याळ खाली ठेवलं, अगदी हळू. म्हणाले, "दस्तगीरच्या मागात टिचकी असनार. खटखट मला आली. टिचकी न्हाय आली."

आता डॉक्टर सांगतात की मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं राहिलं की आधी बारीक आवाज जातात, आणि माणसाला आपलं काही गेलंय याचा पत्ता नसतो, कारण बोललेलं ऐकू येतच असतं. तेव्हा आम्हाला कोण सांगणार? आमच्या गावात कान तपासायची सोय म्हणजे वर्षातले हे चार दिवस, आणि त्या चार दिवसांत लोक फराळ करायचे. आप्पा ढोंग करत नव्हते. त्यांना जेवढं ऐकू येत होतं तेवढंच जगात वाजतंय असं त्यांना वाटत होतं. मला त्यांचा राग आला नाही, दयाही आली नाही. मला फक्त भीती वाटली, कारण भाऊबीज झाली की माग पुन्हा सुरू होणार होते आणि चाळीस मागांवरची माणसं आप्पांच्या कानाच्या भरवशावर उभी राहणार होती.

अव्वाचं म्हणणं सरळ होतं. "कुनाला बोलू नगा. पोरीचं शिक्षान हाय. जॉबरकी गेली तर ह्या वयात परत मागावर हुबं ऱ्हानार काय तुमी?" तीही खोटं बोलत नव्हती. आप्पा लाडू मोडत बसले होते, खात नव्हते.

तिसऱ्या प्रहरी त्यांनी मला बोलावलं. "कुठली जोडी ठेवायची ते तू सांग."

"काळी."

"टाळ हाईत तिच्यात?"

"हाईत."

"कसं वाजत्यात?"

स्वतः वाजवलेले टाळ कसे वाजतात ते त्या माणसाला सांगायचं म्हणजे काय, हे ज्याला सांगावं लागलंय त्यालाच कळेल. मी भजन पहिल्यापासून लावलं. "टाळ मारला की तुमी लगीच दाबत न्हाईसा," मी म्हणाले. "जरा सोडतासा. सोडल्यावर त्यो बारीक व्हत जातोय, अन् पुढचा टाळ पडायच्या आत संपतोय. ते सगळं येतंय ह्यात."

आप्पांनी मान हलवली. "असंच वाजवायचो मी," ते म्हणाले. "ठेव मग."

एवढ्या वर्षांत मी पुष्कळ स्पीकर निवडले, नात्यातल्या लोकांना निवडून दिले. किंमत आणि आवाज यांचा मेळ घालताना अजून चुकते कधीतरी. पण दुसऱ्याच्या कानावर एवढा विश्वास टाकून केलेली खरेदी मी त्यानंतर पाहिली नाही. भाऊबीज झाल्यावर चंदेरी जोडी परत द्यायला मीच गेले.

प्राजूला मी त्या दुकानात शेवटी लहानशी, जड, बिनदिव्यांची जोडी घेऊन दिली. ती फुरंगटली. घरी आल्यावर एक गाणं ऐकलं, मग दुसरं, आणि मला म्हणाली, ह्याच्यात मागं कुणीतरी टाळ्या वाजवतंय, ते मला आधी माहितीच नव्हतं. मी बरं म्हणाले आणि कुकर लावायला गेले. तिथं मला थोडं रडू आलं.

त्या दिवाळीनंतर काय झालं ते आधीच सांगून टाकते. आप्पांची जॉबरकी गेली. मालकांनी त्यांना तयार कापडाच्या घड्या घालायला बसवलं, पगार कमी झाला, अव्वानं घरी कांड्या भरायला घेतल्या, मी शिकले. दस्तगीरचाचा ईदला शिरखुर्मा पाठवायचे ते पाठवत राहिले. वाईट झालं असं मी म्हणणार नाही, पण सोपंही गेलं नाही.

त्याची सुरुवात झाली त्याच दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी. कारखान्यात मागांची पूजा होती. चाळीस माग पुसून, हळदकुंकू लावून गप्प उभे होते. विणणारे, त्यांची बायकापोरं, शेजारच्या कारखान्यांतली माणसं, सगळे पानसुपारीला जमले होते. आत जागा नव्हती म्हणून अर्धे बाहेर गल्लीत. दस्तगीरचाचा दाराशी होते, डोळ्याखाली अजून काळंनिळं. आप्पांनी अव्वाला सांगितलं होतं, गर्दी पांगली की मालकांना बाजूला घेऊन बोलतो, चारचौघांत नको. पण त्यांना तेवढंही थांबवेना. आरती झाल्या झाल्या ते मालकांजवळ गेले. मी पानाचं तबक घेऊन मागेच होते. आप्पा खाली वाकून, शेजारच्याला कळू नये इतक्या बारीक आवाजात म्हणाले, "मालक, माझा कान गेलाय. दस्तगीरच्या मागात टिचकी हुती, मला आली न्हाय."

मालक मूळचे मागावरचेच. वीसेक वर्षं स्वतः विणून मग त्यांनी हा कारखाना टाकलेला. ते आप्पांकडं बघून हसले, पान घ्या म्हणाले.

आप्पांनी परत सांगितलं, तेवढ्याच हळू.

मालकांनी कानामागं हात धरला आणि जवळ सरकले. "आं? जरा मोठ्यानं बोला की, आप्पा."

आप्पांनी एकदा गर्दीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग त्यांनी आवाज वर काढला, चालत्या चाळीस मागांवरून हाक मारायचे तो, आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. माग बंद होते. सगळ्या गल्लीनं ऐकलं.